सकाळचं टेंगूळ

बारीकराव हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याचे डोळे शाबूत होते. अंगाने ते इतके बारीक की शर्ट त्यांनी घातलाय की खुंटीला टांगलाय, हे लांबून पटकन कळायचं नाही. कामात तर त्याहून बारीक. दोन पत्र्यांमधली फट बघायला बाकीचे फिटर डोळा लावायचे. हे सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवायचे. कागद अडकला तर तोंड वाकडं, सुटा पडला तरी तोंड वाकडं. कागद जरासा कुरकुरत आत गेला की मगच गडी खुश. स्वतः सिगारेट ओढत नसत. कागदासाठी दुसऱ्यांची रिकामी पाकिटं गोळा करत. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, हा बुवा दिवसभर धूर काढतो म्हणून असा वाळलाय.

नोकरी रेडिओ दुर्बिणीवर. दुर्बीण म्हणजे नळी नव्हे. गावाबाहेरच्या माळावर आकाशाकडे आ वासून बसलेली एक अवाढव्य डिश. आकाशातून जे रेडिओचे तरंग येतात, डोळ्याला न दिसणारे आणि कानाला न कळणारे, ते गोळा करायचं तिचं काम. ही डिश एका तुकड्याची नसते. ॲल्युमिनियमचे शेकडो पत्रे जोडून ती बनते. तिथले लोक त्यांना पॅनल म्हणत. प्रत्येक पॅनलच्या कोपऱ्यांना खालून स्क्रू. स्क्रू फिरवला की कोपरा केसभर वर, नाहीतर केसभर खाली. डिश उभी राहिली तेव्हा हे सगळे स्क्रू बारीकरावांनी लावले. लोखंडी सांगाड्यात पाठीवर पडून, तोंडावर गंज झेलत. स्क्रू मनासारखा बसला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीपर्यंत लाल ऑइलपेंटची एक रेघ मारायची. रेघ सरळ दिसली की समजायचं, कुणी हात लावलेला नाही. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि त्यांनीही कुणाला सांगितली नव्हती. बायको असती तर तिला सांगितली असती, पण लग्न राहून गेलं होतं. मुली पाहायला गेले तेव्हाही म्हणे चहाच्या कपाची बशी टेबलावर डुगडुगते म्हणून खाली कागदाची घडी घालत बसले होते आणि मुलीकडे बघायचं विसरले.

आता डिशचं तोंड कुठे आहे हे कुणालाही दिसतं. पण ती ऐकते कुठलं, हे दिसत नाही. तोंड समोर आणि कान शेजारच्या बिऱ्हाडात, ही खोड फक्त माणसांनाच असते असं नाही. चांगल्यातली चांगली डिशसुद्धा बाजूचं थोडंफार ऐकतेच. किती ऐकते आणि कुठल्या बाजूचं, हे आधी मोजून ठेवावं लागतं, नाहीतर शेजारच्याची बडबड आकाशाच्या नावावर खपते. त्यासाठी समोरच्या टेकडीवर एक उंच खांब उभा केला होता आणि खांबावर एक भोंगा. भोंग्यातून एकसारखा, न चढणारा न उतरणारा सिग्नल डिशकडे सोडायचा, आणि डिश सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवायची. कुठल्या कोनात किती ऐकू आलं त्याचा आलेख कंट्रोल रूममधल्या पडद्यावर उमटायचा. मधोमध एक उंच सुळका, आणि दोन्हीकडे उतरत जाणाऱ्या बारक्या लाटा, कोरलेल्या मिशीसारख्या, डावीकडे तशाच उजवीकडे. याला तिथे पॅटर्न म्हणत.

पहिला पॅटर्न निघाला तेव्हा मोजणी बघणाऱ्या मॅडम तिथे नव्यानेच लागल्या होत्या. शिकून आलेल्या, चष्मेवाल्या, बोलायला साध्या. त्यांनी मुद्दाम बारीकरावांना आत बोलावलं.

"बघा. दोन्ही बाजू सारख्या. असा पॅटर्न पुस्तकात छापतात, बारीकराव."

बारीकराव पडद्यासमोर उभे राहिले. हात पुसायला चिंधी शोधत होते ती हातातच होती. "म्हणजे बरं आहे ना?" एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी ते सायकलवर बसून घरी गेले नाहीत, सायकल हातात धरून चालत गेले, असं गेटवरचा शिपाई सांगतो. आयुष्यात त्या माणसाचं म्हणून जे काही नाव होतं ते त्या पत्र्यांवर होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

राहायला ते ताईकडे, मागच्या अंगाच्या खोलीत. ताई थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, आणि बारीकरावांचे केस पांढरे झाले तरी अजून ते कडेवरच आहेत असा तिचा समज. ताईचे यजमान म्हणजे दाजी. दाजी पोटाने मोठे आणि तोंडाने त्याहून मोठे. त्यांच्या पोटात अन्न राहायचं, गोष्ट राहायची नाही. सकाळी कानात सांगितलेलं संध्याकाळी कँटीनमध्ये चहाबरोबर मिळायचं. त्यांचे तीनचार धंदे बसल्यावर ताईने भावाचा पिच्छा पुरवला, आणि बारीकरावांनी साहेबांच्या हातापाया पडून दाजींना टेकडीवर कंत्राटी नोकरी लावून दिली. काम काय, तर भोंग्याची राखण. इंटरकॉमवरून 'सुरू' म्हटलं की बटण दाबायचं, 'बंद' म्हटलं की सोडायचं, आणि मधल्या वेळात गाई, पोरं, पतंग यांना भोंग्यासमोर येऊ द्यायचं नाही. दाजी लोकांना सांगत, "दुर्बीण मी चालवतो. खाली बसलेले नुसते बघतात."

टेकडीवरचा एक कडक नियम होता. धातू न्यायचा नाही. धातूवरून सिग्नल उसळतो आणि मोजमाप बिघडतं. म्हणून खांबाभोवती चुन्याने रंगवलेल्या दगडांचं कडं होतं. चौकी लाकडाची, खुर्ची प्लास्टिकची, दाजींचा डबासुद्धा प्लास्टिकचा. नियमाची पाटी लाकडी खुंट्यांवर ठोकली होती ती खुद्द बारीकरावांनी, आणि ती किंचितही तिरकी नव्हती हे सांगायला नको.

उन्हाळा आला तसं टेकडीवर भाजून निघायला लागलं. सकाळचं ऊन खांबाच्या बाजूने थेट चौकीच्या तोंडात शिरायचं. एक दिवस दाजी चक्कर येऊन बसले, आणि घरी ताईने भावाला धारेवर धरलं.

"आकाशाला पत्रे ठोकतोस, तुझ्या दाजींच्या डोक्यावर एक पत्रा नाही जमत?"

"ताई, तिथे काही न्यायला बंदी आहे."

"सगळी बंदी आपल्याच माणसाला. साहेबाचा मेहुणा असता तर पंखा लावला असता."

दाजी कण्हत कॉटवरून म्हणाले, "जाऊ दे गं. मेहुण्यांची बदनामी नको. मी मेलो तर मला सावलीत जाळा म्हणजे झालं."

यावर कुठल्या भावाचं काय चालणार? स्टोअरमागे एक नाकारलेलं पॅनल पडून होतं. डिश बसवताना त्याचा एक कोपरा दुमडला होता. बारीकरावांनी तो कोपरा कापला, कड घासली, पत्र्याचा बाक काढून तो सपाट केला, नायलॉनच्या बिजागऱ्या लावल्या, आणि एका सुट्टीच्या दिवशी पॅनल टेकडीवर नेऊन चौकीच्या वळचणीला झडपेसारखं टांगलं. सकाळी खाली सोडायचं, की खांबाकडून येणारं ऊन अडायचं. दुपारी वर ढकलून छपरावर निजवायचं. स्टोअरकीपरला विचारलं नाही. भंगाराला काय विचारायचं? आणि नियमाचं म्हणाल, तर पॅनल पांढऱ्या दगडांच्या बाहेर होतं, हातभर का होईना. आणखीही एक गोष्ट होती. बारीकरावांच्या लेखी धातू म्हणजे बादली, सायकल, लोखंडी खुर्ची. पॅनल म्हणजे धातू हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. पॅनल म्हणजे दुर्बिणीच्या घरचं माणूस. घरच्या माणसाला कोण पाटी वाचून दाखवतं?

दाजी हरखले. पत्रा इतका सपाट की त्यात बघून ते दाढी करायला लागले. रोज सकाळी फडक्याने लख्ख पुसत. "मेहुणे, तुमच्या हाताला तोड नाही. या आरशात मी मुळात किती देखणा आहे ते पहिल्यांदा कळलं."

ताईने त्या आठवड्यात भावाला जेवताना रोज आग्रह करकरून वाढलं.

त्यानंतरच्या पॅटर्नमध्ये सुळक्याच्या शेजारी एका बाजूला फुगवटा आला. कोरलेल्या मिशीखाली गांधीलमाशी चावावी तसा. कंट्रोल रूममधल्या कुणीतरी त्याला टेंगूळ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मॅडमनी पुन्हा मोजलं. दुपारी टेंगूळ नव्हतं. दुसऱ्या सकाळी होतं. तिसऱ्या सकाळीही होतं. टेंगूळ नोकरदारासारखं सकाळी हजर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर गायब.

मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. मोठे साहेब म्हणजे प्रमुख. माणूस हुशार, पण पहिल्यांदा सुचलेलं उत्तर त्यांना पोटच्या पोरासारखं प्रिय असे. ते म्हणाले, "सकाळी डिशच्या एकाच अंगाला ऊन लागतं. पॅनल तापतात, फुगतात, हलतात. म्हणजे स्क्रू सैल आहेत." दुपारी दुसऱ्या अंगाला ऊन लागतं तेव्हा दुसरीकडे टेंगूळ का येत नाही, हे मॅडमनी विचारून पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग सगळ्यांनी बारीकरावांकडे बघितलं.

"एकही सैल नाही, साहेब," बारीकराव म्हणाले. "रेघा जागच्या जागी आहेत."

"कसल्या रेघा?"

"लाल. मी मारलेल्या."

"बारीकराव, विज्ञान रेघांवर चालत नाही. आकड्यांवर चालतं." साहेबांनी टेंगळावरून हिशेब करून कुठला स्क्रू किती फिरवायचा ते काढून दिलं. हिशेब बरोबर होता. डिश खरोखरच वाकडी असती तर त्या हिशेबाने ती सरळ झाली असती.

बारीकराव सांगाड्यात शिरले. पहिल्या स्क्रूला पाना लावला आणि थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग फिरवला. लाल रेघ मधेच तुटली. अर्धी पट्टीवर राहिली, अर्धी स्क्रूबरोबर सरकली. दुपारपर्यंत एक अख्खी रांग तशी झाली.

दुसऱ्या सकाळी टेंगूळ जिथल्या तिथे. साहेब म्हणाले, "सांगितलं तेवढं फिरवलं नाही वाटतं." पुन्हा हिशेब, पुन्हा सांगाडा. टेंगूळ हलेना. त्याच्या आजूबाजूच्या लाटा मात्र हळूहळू विस्कटायला लागल्या. कँटीनमध्ये पोरं हात थरथरत असल्याचं नाटक करून चहाचा कप धरायला लागली. "बारीकरावांचा हात आता जाड झाला," एकाने म्हटलं, आणि ज्याची रिकामी पाकिटं बारीकराव वर्षानुवर्षं नेत होते तोच सगळ्यात मोठ्याने हसला. मग एका बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "डोळे तपासून घेतलेत का कधी? वय होतंच माणसाचं. लाज कसली त्यात?"

बारीकरावांनी खरंच डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते. आता दोष द्यायला तीही जागा उरली नाही.

एका मोजणीच्या दिवशी ताईला ताप आला. डबा टेकडीवर पोचवायचं काम बारीकरावांवर आलं. सांगाड्यात तेव्हा काम नव्हतं. पॅटर्न घेताना डिशवर माणूस चालत नाही. ते डिशच्या बाजूच्या पायवाटेने टेकडी चढायला लागले. सकाळ होती. निम्म्या वाटेवर दम घ्यायला थांबले आणि वर पाहिलं.

टेकडीवर दोन भोंगे होते.

एक खांबावर, नेहमीचा. दुसरा त्याच्या डावीकडे, चौकीजवळ, तेवढाच गोल, तेवढाच स्वच्छ, त्यांच्याकडेच तोंड करून. बारीकरावांनी डोळे चोळले. डॉक्टरची चिठ्ठी खिशात होती. दुसरा भोंगा गेला नाही. पत्र्यात पडलेलं ते पहिल्याचं प्रतिबिंब होतं. दाजींनी इतक्या प्रेमाने पुसलेल्या, आणि त्यांनी स्वतः इतका सपाट केलेल्या पत्र्यात. मागे वळून पाहिलं तर खाली माळावर डिश सावकाश फिरत होती. ती जिथून बघत होती तिथूनच ते बघत होते.

वर पोचले तेव्हा पाय भरून आले होते. दाजी झडपेच्या सावलीत ऐसपैस बसले होते.

"या मेहुणे! आज प्रत्यक्ष मालक डबा घेऊन? बसा, बसा. सावली तुमचीच आहे."

चौकीतल्या इंटरकॉमवरून खालचं बोलणं ऐकू येत होतं. मॅडम कुणाला तरी पडद्यावरचं सांगत होत्या. "सुळका गेला... आता येईल... आलं बघा टेंगूळ. हुकमी आहे अगदी."

डिश परत फिरली. बारीकराव उठले आणि त्यांनी झडप वर ढकलून छपरावर निजवली. ऊन धाडकन आत शिरलं.

"अहो, काय करताय? डोळ्यांत येतंय!"

"बिजागरी बघतोय. जरा थांबा, दाजी."

इंटरकॉम खरखरला. "सुळका गेला... आता... अरे?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "गेलं? कुठे गेलं? अहो, टेंगूळ गेलं! पुन्हा घ्या, पुन्हा घ्या!"

बारीकरावांनी झडप खाली सोडली. डिश परत आली. "आलं," मॅडम म्हणाल्या. आवाज पार बसलेला होता. "आलं परत."

दाजी हसत म्हणाले, "यांचं हे रोजचं. आलं, गेलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे बसतात."

इंटरकॉमचं बटण हाताच्या अंतरावर होतं. दाबायचं आणि सांगायचं: मॅडम, डिश सरळ आहे. होती, म्हणजे. एवढ्या एका वाक्यात त्यांचं नाव त्यांना परत मिळालं असतं. पण त्याच्या पुढच्या वाक्यात पत्रा आला असता. न विचारता नेलेला, बंदीच्या जागी लावलेला. बारीकरावांची नोकरी कायम होती, त्यांना ताकीद मिळाली असती. दाजी कंत्राटी. धातू आणणार नाही असं दाजींनी लिहून दिलेलं. संध्याकाळच्या आत त्यांना टेकडीवरून खाली उतरवलं असतं, आणि या वयात, या पोटासकट, त्यांना पुन्हा कोण उभं करणार होतं? आणि ताईने तिच्या तोंडाने कधी म्हटलं नसतं, पण जन्मभर पाहिलं असतं, की भावाने स्वतःचं नाव राखायला नवऱ्याची नोकरी घेतली.

बरं, दाजींना विश्वासात घ्यावं, तर दाजींना सांगणं आणि इंटरकॉमवर सांगणं यात फरक एवढाच की इंटरकॉम मधे चहा मागत नाही.

ते बटणाकडे बघत राहिले. मग खिशातून पाना काढला आणि बिजागऱ्या सोडवायला लागले.

"हे काय?" दाजी खुर्चीतून अर्धे उठले.

"नेतोय. स्टोअरवाल्याला परत हवाय."

"भंगार? भंगार परत हवंय?"

"हो."

"आणि मी?"

"दुसरं काहीतरी बघू, दाजी. कापडाचं बघू."

"कापडाचं!" दाजी म्हणाले. "दिलेली वस्तू काढून न्यायची म्हणजे... नाही, न्या, न्या. मालक तुम्ही. आम्ही काय, कंत्राटी."

पत्रा पाठीवर घेऊन बारीकराव टेकडी उतरले. मागून दाजी काहीतरी बोलत होते, ते वाऱ्याने अर्धंच पोचलं. जे पोचलं ते पुरेसं होतं.

घरी ताई तापात उठून बसली. "खरं का रे? त्यांच्या डोक्यावरची सावली काढून आणलीस?"

"ताई, नियम आहे. मी तो आधीच पाळायला हवा होता."

"नियम पहिल्यापासून होता. तेव्हा लावलास ना? मग आज काय झालं? साहेब ओरडला म्हणून राग कुणावर काढायचा, तर घरच्यांवर." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "जा. ताट वाढून घे आपलं आपण."

कापडाचं छत बारीकरावांनी दोन दिवसांत शिवून नेलं. दाजींनी ते लावू दिलं नाही. "राहू द्या. उद्या शिंप्याला परत हवं असेल."

इकडे सकाळचं टेंगूळ गेलं ते गेलंच. पण पॅटर्न काही सुधारला नाही. टेंगळाच्या मागे लागून जे स्क्रू फिरवले होते त्यांनी डिश आता खरीच वाकडी झाली होती. मिशी दोन्हीकडून पिंजारली होती, सकाळी तशी दुपारी. पूर्वी खोटा आजार होता, औषध घेऊन घेऊन खरा झाला.

बारीकराव स्वतःहून मॅडमकडे गेले. दारात उभे राहून म्हणाले, "मला परत सगळे स्क्रू जुन्या रेघांवर नेऊ द्या. एकदाच."

मॅडमनी चष्मा काढला. "टेंगूळ का गेलं, तुम्हाला काही कल्पना आहे?"

बारीकराव चिंधीने हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"नाही," ते म्हणाले.

"मग साहेबांना मी काय सांगू? कशाच्या जोरावर सांगू?" त्या खरंच विचारत होत्या. त्यांनी चष्मा परत घातला.

साहेबांनी डिश दुरुस्त करायला बाहेरची पार्टी बोलवायचं ठरवलं. बारीकरावांना स्टोअरमध्ये बसवलं. शिक्षा म्हणून नाही, असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं.

पार्टी आली. एकसारखे निळे डगले, आणि मुकादम म्हणून एक गॉगलवाला तरुण, सारखा च्युइंगम चघळणारा. बारीकरावांकडून पाने सही करून नेले. आठवडाभर माळावर गाडी उभी होती. मग नवीन पॅटर्न निघाला. मधे सुळका, दोन्हीकडे कोरलेली मिशी. साहेबांनी भाषण केलं, बाहेरच्या लोकांकडून शिकण्यासारखं किती आहे यावर. पॅटर्नची मोठी प्रत काचेच्या चौकटीत घालून जिन्याजवळ लावली. ती किंचित तिरकी लागली होती.

मुकादम पाने परत करायला आला. पोरगा मनाने उमदा होता. खिडकीवर कोपर टेकून म्हणाला, "काका, एक गंमत सांगू? साहेबांना नका सांगू. काम अर्ध्या दिवसाचं होतं. स्क्रूवर कुणीतरी लाल रेघा मारून ठेवल्यात. सगळ्या तुटलेल्या. आम्ही नुसत्या परत जुळवल्या. बाकी आठवडा आराम."

बारीकराव पाने मोजून खिळ्यांना अडकवत होते.

"काय हात असेल हो त्या माणसाचा! एकेक रेघ बघत राहावी. आणि मग कुणा गाढवाने येऊन सगळं फिरवून ठेवलंय. कोण होते हे?"

"होते दोघं," बारीकराव म्हणाले. "आता कुणी नाही."

पाठमोऱ्या मुकादमाच्या हातात त्यांनी सिगारेटचं एक रिकामं पाकीट पाहिलं. नेहमीप्रमाणे मागून घ्यावं असं ओठावर आलं, मग कशाला ते कळेना.

पुढच्या रविवारी दुपारी दाजी बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसले होते. उन्हाने त्यांच्या नाकाची सालं निघत होती. बारीकराव ताट धुऊन आत चालले होते.

"मेहुणे," दाजी म्हणाले. खूप दिवसांनी हाक मारली, तीही ताईकडे बघत. "तो पत्रा तुमच्या कॉटखाली आहे म्हणे. स्टोअरवाल्याला परत हवा होता ना?"

बारीकराव थांबले.

"मी विचारलं त्याला. तो म्हणतो, कसला पत्रा? त्याला माहीतच नाही." दाजींनी हात झटकले. "असू दे. आपलं मन मोठं आहे. उद्या मीच नेतो टेकडीवर. बिजागऱ्या आहेतच. आता मोजणी पण झकास चालू आहे, कुणाला काय अडचण?"

"नका नेऊ, दाजी."

"का?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत, भावाच्या तोंडाकडे बघत. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं, तिचे डोळे तसेच होते. पण शेजारी दाजी बसले होते, आणि दाजींच्या तोंडापासून कँटीन फार लांब नव्हतं.

"नका नेऊ म्हणून सांगितलं ना," बारीकराव म्हणाले.

"मी उद्या नेणार," दाजी म्हणाले.

बारीकराव आपल्या खोलीत गेले. कॉटखालून पत्रा ओढून काढला आणि मागच्या अंगणात फरशीवर ठेवला. ऊन त्यावर असं पसरलं की अंगणाच्या भिंतीवर दुसरं ऊन पडलं. त्यांनी हातोडी आणली. इतक्या वर्षांत पत्र्यावर चढताना ते बूट काढून मोजे घालत, ओरखडा पडू नये म्हणून. पहिला घाव त्यांनी मधोमध घातला. भिंतीवरचं ऊन फुटून इकडेतिकडे झालं. मग कडेने, ओळीने, एकाशेजारी एक. कामाची सवय जात नाही. ठोकतानासुद्धा ते जागा सोडत नव्हते.

"बघितलंस?" आतून दाजींचा आवाज आला. "मला मिळू नये म्हणून. ठोकून टाकलं, पण दिलं नाही."

ताई खिडकीत आली. बराच वेळ गजांना धरून उभी राहिली.

"लहानपणी असा नव्हतास रे," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.

बारीकरावांनी हातोडी खाली ठेवली आणि पत्र्यावरून तळवा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. कापलेल्या कोपऱ्याजवळ बोटभर जागा अजून सपाट लागत होती. त्यांनी हातोडी उचलली.